टस्कनी जहाजातला बर्फ: १८० टनांपैकी १०० टन का उरले?

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ होता. अटलांटिक उतरून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरात हुगळी नदीतून कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. बर्फ थंड ठेवणारं कुठलंही यंत्र जहाजावर नव्हतं. असायचा प्रश्नच नव्हता, कारण बर्फ बनवणारी यंत्रं धंद्यात यायला अजून काही दशकं होती.

ही हकिकत एरवी व्यापारातल्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिची खरी जागा सातवी-आठवीच्या विज्ञानात आहे, पदार्थाच्या अवस्थांच्या धड्याशेजारी. धड्यात एक वाक्य असतं: बर्फाचा द्रवणांक ० अंश सेल्सिअस. ते पाठ करून मुलांची, आणि आपल्यापैकीही अनेकांची, समजूत होते की तापमान ० च्या वर गेलं की बर्फ संपला. तसं असतं तर टस्कनीतून कलकत्त्याला नुसती ओली फळकुटं उतरली असती. ० अंशाला बर्फाला वितळण्याची मुभा मिळते, एवढंच. तो किती आणि कधी वितळणार, हे आत किती उष्णता शिरली त्यावर ठरतं. तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी फसलेले प्रयोग

या धंद्यामागचा माणूस फ्रेडरिक ट्यूडर. जन्म १७८३, राहणार बोस्टन. हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्सची तळी गोठतात. तो बर्फ फुकट पडलेला आहे, तर तो कापून उष्ण प्रदेशात विकावा, असं त्याच्या डोक्यात विशीतच शिरलं. १८०६ मध्ये त्याने बर्फाचं पहिलं जहाज कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर नेलं. बर्फ पोचला. पण उतरवून ठेवणार कुठे? बेटावर बर्फघर नव्हतं. लोकांनी बर्फ विकत घेतला, घरी नेला आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. ट्यूडरला मोठा तोटा झाला आणि पुढे कर्जापायी तुरुंगाचीही हवा खावी लागली.

मार्टिनिकला नेमकं काय चुकलं हे बघण्यासारखं आहे. समुद्रावर बर्फ टिकला, जमिनीवर नाही. म्हणजे अडचण उष्ण कटिबंधाची नव्हती. जहाजात बर्फ एकत्र रचलेला आणि झाकलेला होता. गिऱ्हाइकाच्या घरात तो उघडा आणि तुकड्यातुकड्यांत होता. पदार्थ तोच, तापमान जवळपास तेच. फरक पडला तो उष्णतेला आत यायला किती वाटा मोकळ्या मिळाल्या त्याने.

पुढे हवानाला ट्यूडरने बर्फघर बांधलं आणि तिथे त्याने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या उद्योगात सर्वांत आवडतं. बर्फघरातून बाहेर येणारं वितळपाणी तो हातात घड्याळ घेऊन मोजत बसे. भिंतीत भरायला कधी हे वापरून बघ, कधी ते. दार किती वेळा उघडलं तर काय होतं ते बघ. आणि दर वेळी पाणी मोज. वितळणं हा भौतिक बदल आहे, पदार्थ तोच राहतो, त्यामुळे जेवढे किलो पाणी बाहेर आलं तेवढेच किलो बर्फ आत कमी झाला. बर्फ उकरून तोलायची गरज नाही. ‘वस्तुमान बदलत नाही’ हे वाक्य आपण परीक्षेत एका गुणासाठी लिहितो. ट्यूडरने त्याचं मोजमापाचं साधन केलं.

तिसरा भाग कापणीचा. कुऱ्हाडीने फोडलेले बर्फाचे वेडेवाकडे ढेकूळ रचले की मध्ये फटी राहतात, फटींतून हवा खेळते आणि प्रत्येक ढेकूळ सर्व बाजूंनी वितळत राहतो. १८२५ मध्ये नॅथॅनिएल वायेथ या ट्यूडरच्या सहकाऱ्याने घोड्याने ओढायचा दातेरी नांगर तयार केला. तो गोठलेल्या तळ्यावर समांतर चरे पाडायचा, मग आडवे चरे, आणि त्यातून एकसारख्या चौकोनी लाद्या निघायच्या. लादीला लादी चिकटवून रचली की शेकडो लाद्यांचा मिळून एकच मोठा ठोकळा होतो. लाद्यांच्या मधल्या बाजूंना बाहेरची हवा दिसतच नाही. वरवर ही मजुरी वाचवायची युक्ती. पण मला वाटतं, टस्कनीच्या यशात तिचा वाटा बर्फाभोवती भरलेल्या चुऱ्याइतकाच होता. का, ते पुढे हिशेबात दिसेल.

कलकत्त्यात तोवर बर्फ नव्हताच का?

होता, आणि त्यामागचं विज्ञान ट्यूडरच्या बर्फाहून जास्त बारकाईचं होतं. कलकत्त्याच्या उत्तरेला चुंचुडा आणि हुगळीच्या परिसरात थंडीच्या दिवसांत बर्फ ‘पिकवत’. उथळ खड्डे खणायचे, त्यांत गवताचा जाड थर पसरायचा, वर मातीच्या कच्च्या, सच्छिद्र थाळ्यांत जेमतेम बोटभर पाणी ठेवायचं. रात्र निरभ्र असली आणि वारा पडलेला असला की पहाटे थाळीत बर्फाची पापडी तयार. अलाहाबादकडेही हीच रीत होती; तिचं वर्णन रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

गंमत अशी की त्या रात्री हवा गोठणांकापर्यंत उतरलेली नसे. मग पाणी कसं गोठलं? निरभ्र आकाशाखाली उघडी पडलेली प्रत्येक वस्तू रात्रभर वरच्या दिशेने उष्णता उत्सर्जित करत असते, आणि ढग नसले की ती परत येत नाही. खालून जमिनीची ऊब यायला बघते, तिला गवत अडवतं. वारा नसल्याने कोमट हवा पाण्यावर येत नाही. शिवाय थाळीच्या छिद्रांतून आणि पृष्ठभागावरून थोडं पाणी वाफ होऊन उडतं. ० अंशाजवळ एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५०० किलोज्यूल लागतात, आणि एक किलो पाणी गोठताना त्यातून ३३४ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एक भाग पाणी उडालं तर त्याच्या जोरावर सातएक भाग पाणी गोठू शकतं. एकाच थाळीत द्रवाचा वायू होतोय आणि त्याच द्रवाचा स्थायूही होतोय. अवस्थांतराचं यापेक्षा सुबक प्रात्यक्षिक कुठल्या प्रयोगशाळेत मांडता येईल असं वाटत नाही.

पण हा बर्फ पातळ, गाळमिश्रित, लगद्यासारखा असे. बाटली किंवा सुरई बाहेरून थंड करायला ठीक, पेल्यात टाकायला नाही. ढगाळ रात्री तो व्हायचाच नाही. आणि मुंबईत तर ही रीत चालणं शक्यच नव्हतं, कारण समुद्रकाठच्या दमट हवेत रात्रीचा गारवा तेवढा उतरत नाही.

जहाजाच्या पोटात

टस्कनीवर बर्फाबरोबर विल्यम रॉजर्स नावाचा भागीदार होता. जहाजाच्या पोटात लाकडी फळ्यांची एक खोली उभारलेली होती. फळ्यांचे दोन थर आणि त्यांच्या मधल्या पोकळीत कातडी कमावून उरलेल्या सालीचा कोरडा चुरा, जाडी साधारण फूटभर. लाद्या आत घट्ट रचलेल्या, वर गवत. पुढच्या काळात याच कामाला लाकडाचा भुसा सर्रास वापरला जाऊ लागला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लाकूडगिरण्यांना तो नकोसा झालेला कचराच होता.

चुरा काय, भुसा काय, गवत काय, या तिन्हींत उष्णता अडवणारी खरी गोष्ट एकच: त्यांच्या कणांत कोंडलेली हवा. हवा हलली नाही तर उष्णतेची अत्यंत वाईट वाहक असते. भुसा फक्त तिला जागच्या जागी धरून ठेवतो.

आता हिशेब. टन म्हणजे १००० किलो धरू; त्या काळचे टन थोडे कमी-जास्त होते, पण त्याने चित्र बदलत नाही. वितळला ८० टन, म्हणजे ८०,००० किलो. प्रत्येक किलोला ३३४ किलोज्यूल. गुणाकार २ कोटी ६७ लाख किलोज्यूल. आकडा अवाढव्य दिसतो. पण ही उष्णता चार महिन्यांत, म्हणजे सुमारे १२० दिवसांत आत आली. १२० दिवसांचे सेकंद साधारण १ कोटी ४ लाख. भागाकार केला की उत्तर येतं सरासरी अडीच किलोवॉट.

अडीच किलोवॉट म्हणजे बाथरूममधल्या एका गीझरएवढं. भर समुद्रात, दोनदा विषुववृत्त ओलांडताना, सबंध जहाजाच्या पोटात चहूबाजूंनी मिळून शिरलेली उष्णता एका गीझरपुरतीच होती. ट्यूडरने बर्फ वाचवला म्हणजे हेच केलं: गळती एका गीझरवर आणून ठेवली.

ती गळती पचवण्याचं मोठं काम बर्फाच्या अवस्थांतरानेच केलं, हे नीट कळायला एक कल्पना करू. समजा ट्यूडरने बर्फाऐवजी ० अंशाचं १८० टन पाणी त्याच खोलीत भरलं असतं. एक किलो पाणी एका अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. मग तेच २ कोटी ६७ लाख किलोज्यूल त्या पाण्याला ० वरून ३५ अंशांवर न्यायला पुरले असते. प्रत्यक्षात पाणी कोमट होत गेल्यावर गळती मंदावली असती आणि ते बाहेरच्या तापमानाशी जाऊन थांबलं असतं. पण कलकत्त्याला पोचताना ते नदीच्या पाण्यासारखंच कोमट लागलं असतं यात शंका नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र तीच उष्णता आत आली आणि उरलेल्या १०० टनांचं तापमान शेवटपर्यंत ० च राहिलं. आलेली उष्णता तापमान वाढवण्यात खर्च झालीच नाही. ती स्थायूमधल्या रेणूंची बांधलेली रचना सोडवण्यात गेली. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. एक किलो बर्फ वितळायला जेवढी लागते तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी ० वरून ८० अंशांवर जातं, हे एकदा लक्षात आलं की टस्कनीत चमत्कार उरत नाही.

हे ट्यूडरच्या सत्तरेक वर्षं आधी ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने ओळखलं होतं. त्याच्या काळचा समज असा होता की बर्फ द्रवणांकाला आला की आणखी थोड्याशा उष्णतेने तो एकदम पाणी होतो. ब्लॅकचा युक्तिवाद साधा होता: तसं असतं तर वसंतात डोंगरावरचं सगळं हिम एका झटक्यात वितळून पूर आले असते. ते आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणजे वितळायला पुष्कळ उष्णता लागत असली पाहिजे. हिमालयातल्या नद्यांना भर उन्हाळ्यात पाणी असतं ते याच कारणाने. ट्यूडरने ब्लॅक वाचला होता की नाही, त्याने फरक पडत नाही. बर्फाला ते ठाऊकच होतं.

एक शंका इथे येईल: बर्फ तळ्यातून काढला तेव्हा तो ० च्याही खाली असणार, त्याचा फायदा झाला नाही का? थोडा झाला असता. पण उणे १० अंशांचा बर्फ ० वर यायला किलोमागे फक्त २१ किलोज्यूल लागतात, ३३४ पुढे ते किरकोळ. शिवाय बर्फ कापला हिवाळ्यात आणि जहाज निघालं मे महिन्यात. मधले महिने बर्फघरात काढल्यावर तो ० वरच आलेला असणार.

अर्धा मीटर

१८० टन बर्फाचं आकारमान सुमारे १९६ घनमीटर भरतं, कारण बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो. सोयीसाठी हा सगळा एकच घन समजू: प्रत्येक कड ५.८ मीटर. खरी खोली अशी नव्हती, ती लांबट होती. पण अंदाजाला हे चालेल. १०० टन उरले तेव्हा घनाची कड झाली ४.८ मीटरच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांत प्रत्येक बाजूने आत फक्त अर्धा मीटर बर्फ गेला. दिवसाला अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी.

आता याच चुऱ्यात, याच जहाजात, एक किलोचा एकच तुकडा ठेवा. त्याची कड साधारण १० सेंटिमीटर. प्रत्येक बाजूने दिवसाला तेवढाच, सुमारे ०.४३ सेंटिमीटर गेला, तर बारा दिवसांत तो संपतो. बोस्टनचा किनारा दिसेनासा झाला न झाला तोच. मोठा ढीग आणि लहान तुकडा यांच्या बर्फात कसलाही फरक नाही. फरक आहे तो दर किलोमागे बाहेर किती पृष्ठभाग उघडा पडतो याचा. एक किलोच्या तुकड्याला मोठ्या घनापेक्षा किलोमागे पन्नासपट अधिक पृष्ठभाग असतो. म्हणून वायेथच्या चौकोनी लाद्या महत्त्वाच्या. त्यांनी शेकडो लहान तुकड्यांना एका मोठ्या घनासारखं वागायला लावलं. आणि म्हणूनच ट्यूडर पाच-दहा टनांचे नमुने पाठवून चाचपत बसला असता तर भारताचा मार्ग अशक्यच आहे असा निष्कर्ष निघाला असता. काही गोष्टी लहान प्रमाणावर करून बघितल्या की फसतातच.

चुऱ्याचा हिशेबही तपासून बघावा. फूटभर जाडीचा कोरडा चुरा, आत-बाहेरच्या तापमानातला सरासरी फरक २० अंश धरला (दक्षिण अटलांटिकमध्ये जून-जुलै म्हणजे हिवाळा, त्यामुळे मधले काही आठवडे जहाजाला थंडीच लागली असणार), तर आदर्श घनात एक किलोवॉटच्या आसपासच गळती यायला हवी होती, आणि वितळायला हवा होता साधारण ३० टन बर्फ. वितळला ८०. हे वरचे ५० टन कुठून आले? एक तर खोली लांबट, म्हणजे पृष्ठभाग घनापेक्षा जास्त. फळ्यांचे सांधे, खिळे, जहाजाच्या हालण्याने चुऱ्यात पडलेल्या पोकळ्या, हेही आहेच. पण मला सर्वांत मोठा संशय आहे तो पाण्यावर.

वितळलेलं पाणी

वितळपाणी ० अंशाचं असतं. मग ते बाहेर का टाकायचं? तेही थंडच आहे, राहू दे की. ते तापताना आणखी थोडी उष्णता शोषेल. कागदावर हा विचार चूक नाही. पण पाणी भुशात झिरपलं की भुशातली हवा हटते आणि तिची जागा पाणी घेतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त चांगलं उष्णता वाहून नेतं. कोरडा भुसा राखण करतो, ओला भुसा वाट दाखवतो. म्हणून वितळलेलं पाणी तळाशी जाऊ द्यायचं, पंपाने उपसून टाकायचं, आणि बर्फाचा ढीग तळापासून उचललेला ठेवायचा, हे या धंद्याचे कडक नियम होते. दुरुस्त करायला कठीण चक्र असं की जितका बर्फ वितळेल तितका भुसा ओला, आणि जितका भुसा ओला तितका बर्फ अधिक वितळणार.

दुसरा शत्रू दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. तो म्हणजे हवेतली वाफ. दमट हवा बर्फाला लागली की तिच्यातली वाफ बर्फावर पाणी होऊन बसते. ही उलटी दिशा, वायूचा द्रव. आणि त्यात किलोमागे तेच सुमारे २५०० किलोज्यूल सुटतात, थेट बर्फाच्या अंगावर. एक ग्रॅम वाफ बसली तर साडेसात ग्रॅम बर्फ पाणी होतो. चुंचुड्याच्या थाळीत बाष्पीभवन बर्फ घडवत होतं. इथे त्याचंच उलट टोक बर्फ खातं. कलकत्त्याच्या सप्टेंबरात, पाऊस पुरता ओसरलेला नसताना, बर्फघराचं दार उघडणं म्हणजे नुसती गरम हवा आत घेणं नव्हे, तर वाफेने लादलेली उष्णता आत घेणं होतं.

कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांनी हे पुस्तकातून वाचलं नसेल, पण कारभार अचूक केला. बर्फावरची जकात माफ झाली आणि तो रात्री उतरवायला परवानगी मिळाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंकने रॉजर्सला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला भेट दिला. ट्यूडरचा बर्फ चुंचुड्याच्या बर्फापेक्षा स्वस्तही पडला. सात समुद्र ओलांडून आलेली वस्तू पंचवीस मैलांवरच्या वस्तूहून स्वस्त, यात अचंबा वाटला तरी उलगडा सोपा आहे: कच्चा माल फुकट, भुसा कचरा, आणि बोस्टनहून हिंदुस्थानला येणारी जहाजं तशीही हलकी येत, तोल सांभाळायला त्यांत दगडच भरायचे असत.

मुंबईची मेजवानी

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकन बर्फ मुंबईलाही आला. त्या सुमाराची एक हकिकत मुंबईच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते: जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं, आणि नंतर ‘मुंबई समाचार’मध्ये आलं की यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले. सर्दी आईस्क्रीमने होत नाही हे सांगायची आज गरज नसावी. तरी मुंबईकरांना नव्या चैनीवर बोट ठेवायची हौस तेव्हाही होती, हे बघून बरं वाटतं.

आईस्क्रीमचं विज्ञान मात्र टस्कनीच्या नेमकं उलट आहे. जहाजावर बर्फ वितळू द्यायचा नव्हता. आईस्क्रीमसाठी तो वितळायलाच हवा. दूध-साय-साखरेचं मिश्रण ० अंशाला गोठत नाही, कारण विरघळलेल्या साखरेने त्याचा गोठणांक खाली जातो. म्हणजे नुसत्या बर्फात भांडं ठेवून भागत नाही. बर्फात मीठ मिसळलं की बर्फ ० च्या खालीही वितळू लागतो. पुरेसं मीठ असलं तर मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. हे वितळायला लागणारी उष्णता बर्फ शेजारून घेतो, आणि शेजारी असतं दुधाचं भांडं. एका बाजूला स्थायूचा द्रव होत असतो, म्हणून दुसऱ्या बाजूला द्रवाचा स्थायू होतो. ज्यांच्या घरी लाकडी पॉटमध्ये हँडल फिरवून आईस्क्रीम झालं आहे त्यांनी हे हाताने केलेलं आहे. पॉटमधलं खारं पाणी मध्येच काढून टाकलं की आजी का ओरडायची, तेही यात आलं: ते पाणी उणे तापमानाचं असतं आणि भांड्याला सगळीकडून बिलगून उष्णता ओढत असतं. जहाजावर पाणी फेकायचं, पॉटमध्ये राखायचं.

१८४० च्या दशकात मुंबईच्या फोर्टात घुमटाकार बर्फघर उभं राहिलं. ते आता नाही. त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. मद्रासचं बर्फघर मात्र टिकलं आणि आज ते विवेकानंद हाऊस म्हणून ओळखलं जातं. मुंबईत बर्फाचं जहाज लांबलं की टंचाई व्हायची आणि बर्फ जपून वाटावा लागायचा.

उलटवता येणारा बदल

धड्यात भौतिक बदलाची एक खूण दिलेली असते, की तो उलटवता येतो. बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ. टस्कनीच्या तळातून उपसून समुद्रात टाकलेलं ८० टन पाणी तत्त्वतः पुन्हा बर्फ होऊ शकत होतं. त्यासाठी काय लागलं असतं? प्रत्येक किलोतून ३३४ किलोज्यूल काढून कुठेतरी बाहेर टाकणं. बोस्टनच्या तळ्यांसाठी हे काम जानेवारीची थंडी फुकट करत होती. कलकत्त्यात ते करणारं कोणी नव्हतं, म्हणून उलटवता येणारा बदल तिथे व्यवहारात एकेरी ठरला. ‘उलटवता येतो’ या शब्दांपुढे ‘उष्णतेचा हिशेब चुकता केला तर’ एवढं पुस्तकात छापायला हवं असं मला वाटतं. मेणबत्ती, लोणी, खोबरेल तेल, सगळ्यांना ते लागू आहे. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल उन्हात ठेवून वितळवताना ऊन फुकट मिळतं, आणि ते पुन्हा गोठवायला पुढची थंड रात्र फुकट मिळते, म्हणून आपल्याला बदल दोन्हीकडून सारखाच सोपा वाटतो.

हा हिशेब चुकता करणारी यंत्रं १८७० च्या दशकात हिंदुस्थानात आली. १८७८ मध्ये कलकत्त्याला बेंगॉल आईस कंपनी निघाली आणि तलावाच्या बर्फाचा धंदा काही वर्षांत बसला. बर्फाची यंत्रं चालतात तीही अवस्थांतरावरच: सहज उडणारा द्रव नळ्यांत वाफ होऊ द्यायचा, म्हणजे तो भोवतालच्या पाण्यातून उष्णता खेचतो, मग ती वाफ पंपाने दाबून पुन्हा द्रव करायची आणि खेचलेली उष्णता बाहेर सोडून द्यायची. चुंचुड्याच्या थाळीत जे काम गवत, निरभ्र आकाश आणि वाऱ्याची कृपा मिळून करत होते, ते आता वाफेचं इंजिन ढगाळ रात्रीही करू लागलं. फक्त त्यासाठी कोळसा विकत घ्यावा लागे.